बाळाच्या रक्ताचा सातबारा

नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर बाळ जन्माला येतं. वजन बरं, रडणं खणखणीत, अंगावर चांगलं पितं. पहिले पाच-सहा महिने सगळं सुरळीत. मग एक दिवस बाळाच्या हातापायांचे पंजे सुजतात. ते हात लावू देत नाही, रात्रभर कळवळतं. घरात तर्क सुरू होतात: दात येताहेत, दृष्ट लागली, वरचं अन्न बाधलं. दोन-तीन दवाखाने झाल्यावर कुणीतरी रक्त तपासायला सांगतं आणि कागदावर शब्द येतो, सिकलसेल.

कोडं इथंच आहे. सिकलसेल हा कुठून तरी लागलेला संसर्ग नव्हे. आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं की तो होतो, म्हणजे गर्भ राहिला त्याच क्षणी ठरतो. ती चूक पहिल्या पेशीपासून बाळाच्या अंगात आहे. मग पोटातले नऊ महिने आणि बाहेरचे सहा, असे पंधरा महिने ती गप्प कशी बसली?

नंदुरबारात हा प्रश्न पुस्तकी नाही. जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे आणि तीत भिल्ल, पावरा मोठ्या संख्येनं आहेत. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी महाराष्ट्रातल्या आदिवासींमधल्या सिकलसेलचा माग काढण्यात उभं आयुष्य घातलं. २०१९मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या पाहण्यांनुसार भिल्ल, पावरा, माडिया, परधान या समाजांत वाहकांचं प्रमाण २० ते ३५ टक्क्यांपर्यंत जातं. वाहक म्हणजे ज्याच्याकडे दोनपैकी एकच जनुक सदोष आहे असा, स्वतः बहुधा ठणठणीत असलेला माणूस. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक.

कोड्याचं उत्तर शोधताना आपल्याला एका अनपेक्षित जागी जावं लागणार आहे. ती जागा म्हणजे उंदराचा गर्भ, आणि तोही संगणकात उभा केलेला.

पोटातलं हिमोग्लोबिन वेगळं असतं

रक्तातल्या लाल पेशी म्हणजे प्राणवायू वाहून नेणाऱ्या गोण्या, आणि गोणीत ठासून भरलेला माल म्हणजे हिमोग्लोबिन. मोठ्या माणसाचं हिमोग्लोबिन चार साखळ्यांचं असतं, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ मणी असतात. सिकलसेलमध्ये त्यांतला फक्त सहावा मणी बदललेला असतो. एवढ्यानं काम बिघडतं. प्राणवायू देऊन झाला की ही हिमोग्लोबिनं एकमेकांना चिकटून लांब काड्या होतात, गोल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. जिथे अडकते तिथे असह्य कळा.

पोटातल्या बाळाला मात्र स्वतः श्वास घेता येत नाही. त्याला आईच्या रक्तातून, वारेमार्फत, प्राणवायू ओढून घ्यावा लागतो. त्यासाठी आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा घट्ट पकड असलेलं हिमोग्लोबिन हवं. म्हणून गर्भ बीटाऐवजी गॅमा नावाची साखळी वापरतो. या गर्भकालीन हिमोग्लोबिनात बीटा नाहीच, म्हणून बीटातली चूकही नाही. वहीच्या विसाव्या पानावर चूक आहे, पण बाळ अजून पहिलंच पान वाचतंय.

नवजात मुलांच्या रक्तात विळ्याच्या पेशी फारशा दिसत नाहीत आणि यामागे गर्भकालीन हिमोग्लोबिन असावं, हे अमेरिकेतल्या डॉक्टर जॅनेट वॉटसन यांनी १९४८मध्ये नोंदवलं होतं. जन्मावेळी बाळाच्या हिमोग्लोबिनपैकी साधारण ६० ते ८० टक्के गर्भकालीन असतं. पुढच्या सहा महिन्यांत ते झपाट्यानं ओसरतं आणि त्याची जागा बीटावालं घेतं. पाड्यावरच्या त्या बाळाचे पंजे नेमके याच सुमाराला सुजले.

म्हणजे शरीरात कुठेतरी एक बटण आहे, जे गॅमा बंद करून बीटा चालू करतं. ते बटण सापडलं आणि उलट फिरवता आलं तर? हा विचार सोपा आहे. पण शोधायचं कुठे? रक्त बनतं तिथे. आणि गर्भात रक्त एका जागी बनत नाही.

कारखाना दोनदा हलतो

गर्भाचं पहिलं रक्त गर्भाच्या बाहेर तयार होतं, त्याला जोडलेल्या पीतककोश नावाच्या पिशवीत. थोड्या काळानं हे काम यकृताकडे जातं. गर्भाचं यकृत पचनापेक्षा रक्त बनवण्यातच गुंतलेलं असतं. शेवटी कारखाना हाडांच्या मगजात, म्हणजे अस्थिमज्जेत, कायमचं बस्तान बसवतो. याखेरीज मधल्या काळात गर्भाच्या मुख्य धमनीच्या भिंतीतून काही पेशी सुटतात आणि यकृतात जाऊन राहतात. आयुष्यभर रक्त पुरवणाऱ्या मूळपेशी त्याच.

हे सगळं माणसाच्या गर्भात घडताना पाहत बसणं शक्य नाही आणि योग्यही नाही. उंदराची गर्भावस्था जेमतेम १९-२० दिवसांची, आणि माणसाच्या बहुतेक जनुकांचं जोडीदार जनुक उंदरात सापडतं. म्हणून जगभरच्या प्रयोगशाळा उंदराकडे वळल्या.

पण एक अडचण होती. दहा दिवसांचा उंदराचा गर्भ ज्वारीच्या दाण्याएवढा असतो. त्यात हृदय धडधडत असतं, यकृताचा कोंब फुटत असतो, मणक्यांची बीजं ओळीनं मांडलेली असतात, आणि सगळं शरीर स्वतःभोवती वळलेलं असतं. उद्या हेच चित्र वेगळं असेल. एडिंबरामधला संशोधक 'इथे' म्हणतो आणि मुंबईतला 'इथे' म्हणतो, ती जागा एकच आहे हे कसं ठरवायचं?

काकडीच्या चकत्या परत जोडणे

पहिली पायरी वेळेची होती. स्विस शरीररचनातज्ज्ञ कार्ल थायलर यांनी १९७२च्या आपल्या पुस्तकात उंदराच्या वाढीचे टप्पे क्रमांक देऊन मांडले. त्यांतले २६ टप्पे जन्माआधीचे. दिवस मोजण्यापेक्षा हे जास्त भरवशाचं, कारण एकाच आईच्या पोटातली पिल्लंसुद्धा काही तासांनी मागंपुढं असतात. पेरणीची तारीख न सांगता 'पीक पोटरीत आलंय' म्हणावं, तसं.

दुसरी पायरी जागेची. एडिंबराचे मॅथ्यू कॉफमन यांनी १९९२मध्ये उंदराच्या गर्भाचा छापील अ‍ॅटलास प्रसिद्ध केला. गर्भ मेणात बसवायचा, धारदार पात्यानं त्याच्या केसाहून पातळ चकत्या करायच्या, रंगवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रं घ्यायची आणि प्रत्येक अवयवाला नाव द्यायचं, असं ते अफाट चिकाटीचं काम. पण पुस्तक सपाट असतं. काकडीच्या चकत्या ताटात मांडून ठेवल्या तर काकडी वाकडी होती की सरळ, हे चकत्यांवरून सांगा पाहू.

म्हणून १९९०च्या दशकात एडिंबराच्याच वैद्यकीय संशोधन केंद्रात रिचर्ड बाल्डॉक, डंकन डेव्हिडसन आणि जोनाथन बार्ड यांच्या गटानं चकत्यांची छायाचित्रं संगणकात एकावर एक रचायला सुरुवात केली. सपाट चित्र जसं बारीक चौकोनी ठिपक्यांचं असतं, तसा हा गर्भ बारीक घनाकार ठिपक्यांचा झाला. साखरेचे चौकोनी खडे एकमेकांना चिकटवून मूर्ती करावी आणि प्रत्येक खड्याला लांबी, रुंदी, उंची असा तीन आकड्यांचा पत्ता असावा, तसं समजा. आता गर्भ हवा तसा फिरवता येतो, आणि प्रत्यक्षात कधीच न कापलेल्या दिशेनं कापूनही पाहता येतो.

चकत्या रचण्यात एक खोट असते. पात्याखाली प्रत्येक चकती किंचित सुरकुतते, ताणली जाते, आणि शेकडो चकत्यांची ती किंचित चूक साठत जाते. टिम मोहन आणि वोल्फगांग वेनिंगर या संशोधकांनी यावर केलेला उपाय मला फार देखणा वाटतो. पडलेल्या चकतीचं छायाचित्र न घेता, चकती निघाल्यावर मागे उरलेल्या ठोकळ्याच्या ताज्या कापाचं छायाचित्र घ्यायचं. ठोकळा जागचा हलत नाही, म्हणून चित्रं आपोआप एकावर एक बसतात.

भज्यांचा कागद आणि न कापलेला गर्भ

२००२मध्ये एडिंबरातच जेम्स शार्प यांनी कापण्याचीच गरज संपवणारी पद्धत मांडली.

भजी बांधून आणलेला कागद आठवा. तेल लागलेल्या जागेतून उजेड आरपार दिसतो. कोऱ्या कागदात तंतूंच्या मधे हवा असते. प्रकाश हवेतून तंतूत, तंतूतून हवेत जाताना प्रत्येक वेळी वाकतो, विखुरतो, म्हणून कागद पांढरा आणि अपारदर्शक दिसतो. तेल हवेची जागा घेतं. तेल आणि तंतू दोन्ही प्रकाशाला जवळजवळ सारखंच वाकवतात, म्हणून प्रकाश सरळ निघून जातो. गर्भालाही अशाच विशिष्ट द्रवांत मुरवलं की तो काचेसारखा होतो. मग त्याला जागच्या जागी थोडा थोडा फिरवत चहूबाजूंनी शेकडो छायाचित्रं घ्यायची आणि त्या सावल्यांवरून आतला आकार गणितानं उभा करायचा. सीटी स्कॅनमध्ये जे क्ष-किरण करतात, तेच इथे साधा उजेड करतो.

गावनकाशा, सातबारा आणि पीकपेरा

आकार मिळाला, तरी खरं काम इथून पुढे सुरू होतं. गावाचा नकाशा पाहिलेल्या कुणालाही ते चटकन समजेल.

गावनकाशावर प्रत्येक शेताला गट नंबर असतो. नकाशात फक्त हद्द दिसते, पण त्याच नंबरानं सातबारा काढला की नमुना सातवर जमीन कुणाची आणि किती ते कळतं, नमुना बारावर यंदा काय पेरलंय ते. डिजिटल अ‍ॅटलास तसाच चालतो. घनठिपक्यांचा समूह म्हणजे गट. त्याला नाव असतं, यकृत, आणि ते कोणत्या संस्थेचा भाग आहे याची नोंद असते, जसं गाव कोणत्या तालुक्यात. वाढीच्या पुढच्या टप्प्यात या गटाचे पोटहिस्से पडतात, नवी नावं येतात. त्यांचे फेरफारही अ‍ॅटलासात धरलेले असतात. म्हणून आज यकृत असलेली जागा दोन दिवसांपूर्वी आतड्याच्या कोणत्या भागात होती, हे मागे जाऊन पाहता येतं.

पीकपेरा म्हणजे त्या जागी त्या वेळी कोणतं जनुक काम करतंय याची नोंद. प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात, पण कामात असतात थोडीच, जशी सगळी बियाणी घरात असली तरी रानात एका वेळी दोन-तीनच पिकं उभी असतात. जनुक कामात असेल तर पेशीत त्याच्या प्रती निघतात. त्या प्रतींनाच चिकटेल असा रंग गर्भात सोडला की जिथे जनुक चालू आहे तेवढीच जागा जांभळी होते. हे जांभळे डाग अ‍ॅटलासवर चढवले जातात. अर्थात प्रत्येक गर्भ थोडा वेगळा असतो. जुना फाटका नकाशा नव्यावर बसवताना आपण विहीर, हद्दीचा दगड, मारुतीचं देऊळ अशा पक्क्या खुणा जुळवतो आणि मधला भाग ओढून-ताणून बसवतो. संगणकही हृदय, डोळा, पायाचा कोंब अशा खुणा जुळवून तेच करतो.

मग साध्या भाषेत प्रश्न विचारता येतो: बाराव्या दिवशी यकृतात चालू आणि मेंदूत बंद असलेली जनुकं कोणती?

अलीकडे हा पीकपेरा एकेका पेशीपर्यंत पोचलाय. २०२४मध्ये ८३ गर्भांतल्या एक कोटीहून जास्त पेशींच्या नोंदी एकत्र प्रसिद्ध झाल्या. पण पेशी सुट्या करून मोजल्या की त्यांचा पत्ता हरवतो, धान्य खळ्यात एकत्र झाल्यावर कोणत्या वाफ्यातलं ते कळू नये तसा. त्यामुळे जागा सांगणारा अ‍ॅटलास अजूनही लागतोच.

> चौकट: रक्ताचा कारखाना कधी, कुठे
>
> उंदरात: साडेसातव्या दिवसाच्या सुमारास पीतककोशात पहिलं रक्त. साडेदहाव्या दिवशी मुख्य धमनीच्या भिंतीत मूळपेशी. अकराव्या-बाराव्या दिवसापासून यकृत. सोळाव्या दिवसानंतर अस्थिमज्जा. १९-२० दिवसांनी जन्म.
>
> माणसात: तिसऱ्या आठवड्यात पीतककोश. साधारण सहाव्या आठवड्यापासून यकृत. नंतरच्या महिन्यांत हळूहळू अस्थिमज्जा. गर्भकालीन हिमोग्लोबिन जन्मानंतरच्या सहा महिन्यांत ओसरतं.

बटण सापडलं, पण ते मेंदूतही होतं

आता बटणाकडे. ते अ‍ॅटलासात सापडलं असं म्हटलं तर खोटं होईल. सुरुवात माणसांपासून झाली. काही लोकांच्या रक्तात मोठेपणीही गर्भकालीन हिमोग्लोबिन बरंच टिकून राहतं. त्यांच्या जनुकांची तुलना करताना बीसीएल११ए या जनुकाकडे बोट गेलं, आणि २००८मध्ये विजय शंकरन, स्टुअर्ट ऑर्किन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हे जनुक गॅमाला गप्प बसवतं. पुढच्याच वर्षी त्यांनी माणसाची हिमोग्लोबिन-जनुकं घातलेल्या उंदरांच्या गर्भांत ते तपासलं: बीसीएल११ए काढून टाकलं की गॅमा बंद होत नाही. कोणत्या दिवशी कोणत्या अवयवातलं रक्त पाहायचं हे आधीच पक्कं माहीत असल्याशिवाय असा प्रयोग आखताच येत नाही. २०११मध्ये सिकलसेल असलेल्या उंदरांत लाल पेशींच्या वंशापुरतं हे जनुक बंद केलं, आणि त्यांचा आजार हटला.

पण बीसीएल११ए मेंदूच्या वाढीतही लागतं, रोगप्रतिकारक पेशींतही लागतं. ते संपूर्ण शरीरातून काढलेली उंदराची पिल्लं जन्मतःच दगावतात. विहिरीवरची मोटार एका शेतासाठी बंद करायला गेलो आणि अख्ख्या गावाची वीज गेली, असं चालणार नाही. मोटारीचा तेवढाच फ्यूज हवा.

२०१३मध्ये डॅनियल बॉवर आणि ऑर्किन यांच्या गटाला या जनुकाच्या आतच डीएनएचा एक लहानसा तुकडा सापडला. तो फक्त लाल पेशींत बीसीएल११एला चालना देतो असा त्यांचा अंदाज होता. सिद्ध कसं करायचं? त्यांनी तो तुकडा रंग देणाऱ्या जनुकाला जोडून उंदराच्या गर्भात घातला आणि साडेबाराव्या दिवशी पाहिलं. निळा रंग यकृतात उमटला, म्हणजे त्या दिवशी लाल रक्त जिथे बनतं तिथेच. मेंदू कोरा राहिला. सबंध लेखात मला हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो. त्या निळ्या डागाला अर्थ आला, कारण त्या दिवशी त्या जागी काय चालतं हे तोवर पिढ्यानपिढ्यांच्या कामातून ठाऊक झालं होतं.

आज क्रिस्पर या डीएनए कापणाऱ्या तंत्रानं हाच तुकडा तोडतात. रुग्णाच्या स्वतःच्या रक्त-मूळपेशी बाहेर काढायच्या, तुकडा तोडायचा, पेशी परत सोडायच्या, की गॅमा पुन्हा चालू. 'कॅसजेव्ही' या उपचाराला नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटननं आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेनं मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली. ही रक्कम आपल्या कोणत्याही जिल्हा रुग्णालयाच्या आवाक्याबाहेरची आहे, आणि हा आजार मुख्यतः गरिबांच्या घरात असताना ती तशी असणं मला अन्यायाचं वाटतं. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेत देशी क्रिस्पर-उपचारावर काम चालू आहे. ते लवकर पूर्ण व्हावं.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे

नकाशा कितीही चांगला असला तरी तो दुसऱ्या गावाचा आहे, हे विसरून चालत नाही. उंदराला माणसासारखं वेगळं गर्भकालीन हिमोग्लोबिन नसतंच. तो गर्भाच्या सुरुवातीच्या हिमोग्लोबिनवरून थेट प्रौढ प्रकारावर जातो. म्हणूनच वरच्या प्रयोगांत माणसाची जनुकं उंदरात घालावी लागली. सुरुवातीचा आकारही वेगळा. त्या दिवसांत माणसाचा गर्भ सपाट चकतीसारखा असतो, उंदराचा पेल्यासारखा.

शिवाय जनुक बंद केल्यावर काय होतं, हे नेहमी इतकं स्वच्छ दिसत नाही. २०१६मध्ये आंतरराष्ट्रीय गटानं उंदराची १,७५१ जनुकं एकेक करून बंद केल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतल्या ४१० जनुकांविना पिल्लं जगलीच नाहीत. अशा गर्भांत नेमकं कुठे आणि कधी बिनसलं, हे त्रिमितीय चित्र निरोगी अ‍ॅटलासशेजारी ठेवूनच शोधावं लागतं.

आपल्याकडेही हे शास्त्र परकं नाही. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे यांच्या गटानं उंदराच्या गर्भात मेंदूचा कोणता भाग कुठे घडेल हे एलएचएक्स२ हे जनुक कसं ठरवतं, ते २००८मध्ये दाखवलं. आयआयटी मद्रासनं २०२४च्या अखेरीस मानवी गर्भाच्या मेंदूचा 'धारणी' हा त्रिमितीय अ‍ॅटलास ५,१३२ चकत्यांवरून उभा करून सर्वांसाठी खुला केला.

आता पाड्यावरच्या बाळाकडे

क्रिस्पर यायचा तेव्हा येईल. गॅमा वाढवणारं एक साधं औषध, हायड्रॉक्सियुरिया, आजही मिळतं. ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घ्यावं लागतं. आजारी बाळांना लहानपणापासून रोज पेनिसिलिन दिलं तर न्यूमोकोकस या जीवाणूचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी होतात, हे १९८६मध्ये अमेरिकेतल्या चाचणीत दिसलं. मात्र त्यासाठी आजार पंजे सुजण्याआधी कळायला हवा. १ जुलै २०२३ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली आहे, तिचा फायदा जरूर घ्या.

फक्त एक गोष्ट प्रत्येक आशाताईनं आणि प्रत्येक आईबापानं लक्षात ठेवावी. गावपातळीवर होणारी सोल्युबिलिटी चाचणी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या बाबतीत भरवशाची नाही. त्या वयात रक्तात गर्भकालीन हिमोग्लोबिन जास्त आणि सदोष हिमोग्लोबिन कमी असतं, म्हणून आजारी बाळाचा अहवालही निर्दोष येऊ शकतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर बाळाची एचपीएलसी तपासणी, म्हणजे रक्तातली हिमोग्लोबिनं वेगळी करून मोजणारी तपासणी, जन्मानंतर लगेच करून घ्या. सोल्युबिलिटी चाचणी आधी झाली असेल आणि 'नाही' आली असेल, तरीही करून घ्या.